कॅसेटमधली बारी

आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला त्या आठवड्यात माझे पाय जमिनीवर नव्हते. भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये आमचा वन रूम किचन. त्यातला हॉलचा एक अख्खा कोपरा कॉम्प्युटरने खाल्ला, तरी माझं कौतुक सरेना. ऑफिसातून आले की चपला काढायच्या आधी मी बटण दाबायची. त्याच्याबरोबर एक काळा माइक फुकट मिळाला होता. त्याचं करायचं काय हे कोणालाच माहीत नव्हतं. मग मीच जाहीर करून टाकलं की घरातल्या सगळ्या जुन्या कॅसेट आता कॉम्प्युटरमध्ये जाणार. ऑफिसातल्या एकाने आपल्या घरी तसं केलं होतं, आणि त्याला जमतं ते मला जमू नये हे मला अजिबात मंजूर नव्हतं.

कॅसेट होत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. आरत्या, भजनं, माझ्या बालवाडीतल्या कविता, कोणाच्या तरी लग्नातली सनई. डब्याच्या तळाशी रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट निघाली. ती बघून बाबा खुर्चीतून उठलेच. ती बारीची कॅसेट होती.

बारी म्हणजे आमच्या कोकणातला शक्ती-तुऱ्याचा सामना. एकीकडे शक्तीवाले, दुसरीकडे तुरेवाले. मागे ढोलकी, झांज आणि घुंगरं बांधून नाचणारे गडी, आणि पुढे दोन शाहीर. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. उत्तर नाही आलं तर बारी तिथेच संपली, समोरच्याने गपगुमान घरी जायचं. आम्ही लालबागला राहायचो तेव्हा बाबा शक्तीचे शाहीर होते. आणि तुऱ्याचा शाहीर होता माझा सख्खा मामा.

बाबांचं एक लाडकं वाक्य होतं, मी आयुष्यात एकही बारी हरलो नाही. नव्या सोसायटीत कोणाशी ओळख झाली की दुसऱ्या चहाला ते वाक्य यायचंच. आणि मामा तिथे असला तर तो बरोबर त्याच वेळी खोकायचा. त्या खोकल्याला खूप वर्षांचा इतिहास होता. चाळीच्या मैदानातल्या एका बारीत बाबांनी सवाल टाकला होता की देवांच्या लग्नात अंतरपाट कोणी धरला. मामा म्हणायचा, मी उत्तर दिलं, म्हणजे ती बारी माझी. बाबा म्हणायचे, काही दिलं नाहीस, नुसता हात वर करून ओरडलास, लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि पंचांनी पाहुण्याची अब्रू राखायला बारी पुढे चालू ठेवली. दोघंही आता पिकलेले. मामा इथेच नवघरला राहायचा. गणपतीत, बारशाला, अगदी एकदा दवाखान्याच्या बाकड्यावर बसूनसुद्धा या दोघांनी त्या अंतरपाटावरून भांडण केलेलं मी ऐकलेलं आहे. बाबांना मरायच्या आधी एकदा तरी ते वाक्य खोकल्याशिवाय पूर्ण करायचं होतं. हे ते हसत सांगायचे, पण खरं सांगायचे.

आणि त्याचा पुरावा आमच्याच घरात होता. चाळीतल्या शेजाऱ्याने दुबईहून टू-इन-वन आणला होता. त्या बारीच्या रात्री टेप करायला तो कोणाकडे द्यायचा, तर शाहिराच्या बायकोकडे. आई बायकांमध्ये सगळ्यात पुढे, आपल्या भावाच्या बाजूला बसली होती आणि टेपरेकॉर्डर तिच्या मांडीवर होता. कॅसेट तिच्याकडेच राहिली. बाबांनी विचारलं की ती सांगायची, बुरशी आलीय तिला, लावलीत तर मशीन बिघडेल. कुठे ठेवलीय तेही कधी सांगायची नाही. आता रुमाल सोडून मी ती उजेडात धरली, तर कॅसेट लख्ख होती. आई म्हणाली, मग वरून दिसत नसेल.

आमचा टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारात गेला होता. खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेनकडून मी त्यांचा मागून आणला. रविवारी सकाळी मामाला बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. बाबांनी पण दाढी केली होती. मी रबरबँडने माइक टेपरेकॉर्डरच्या स्पीकरवर बांधला, कॉम्प्युटरवरचं लाल बटण दाबलं, आणि भिंतींना हादरे देत आमच्या हॉलमध्ये ढोलकी सुरू झाली. मला वेड लागायचं बाकी होतं. तिशीतले बाबा गात होते, तिशीतला मामा त्यांना गाण्यातून टोमणे मारत होता, आणि साठीतले ते दोघं सोफ्यावर शेजारी बसून मांडीवर ठेका धरत होते. शेवटी अंतरपाटाचा सवाल आला. बाबांनी तो दोनदा घोळवून टाकला. ढोलकी थांबली. आता मामा तोंड उघडणार, तेवढ्यात स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला.

कोणाला काही ऐकू आलं नाही. बाबा किंचाळले, मामा किंचाळला. आई म्हणाली, चटणी नको का डोशाला. मी म्हटलं, काळजी नको, कॉम्प्युटरमध्ये सगळं आलेलं असेल. आलेलं होतंच. फाइल लावली तर शिट्ट्यांच्या जागी खोबरं वाटलं जात होतं, आणि त्यावर आजच्या बाबांचा आवाज येत होता, बंद कर गं तो आधी.

टेप मागे नेली. पुन्हा ढोलकी, पुन्हा सवाल, पुन्हा ती शांतता. या वेळी मिक्सरची वायर मी स्वतः काढून ठेवली होती. आई बाथरूमच्या दारातून म्हणाली, पाणी आलं.

ज्यांनी त्या वर्षांत भाईंदरमध्ये दिवस काढलेत त्यांना पुढचं सांगायला नको. नळ कधी येईल, किती वेळ येईल, याची काही खात्री नसायची. पाणी आलं हे शब्द कानावर पडले की माणूस जेवणावरून उठायचा. इतक्या वर्षांचं भांडण सोफ्यावर टाकून बाबा पिंप उघडायला धावले, मामा इस्त्रीच्या शर्टात हंडा घेऊन धावला, मी बादली घेऊन त्यांच्यामागे. आमच्या धांदलीत टेप आपली चालूच. बाथरूममध्ये तिघं एकमेकांवर आपटलो आणि नळाकडे बघत उभे राहिलो. नळाने एक उसासा टाकला, बाकी काही टाकलं नाही. आई म्हणाली, आत्ता येत होतं. फाइलमध्ये अर्थातच भांडीच भांडी आली. मी हसून हसून जमिनीवर बसले. बाबांना मात्र हसू येत नव्हतं. ते म्हणाले, हिच्या मनात नाहीये, मी हरलो असेन म्हणून ही मला ऐकू देत नाही. मामाला ते फारच पटलं. त्याने जाताना आईच्या डोक्यावरून हात फिरवला.

सोमवारी ऑफिसातल्या त्या शहाण्याला विचारलं तर तो पोट धरून हसला. माइक कशाला, म्हणाला, दोन्ही टोकांना पिन असलेली वायर घे, एक टोक टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकात, दुसरं कॉम्प्युटरच्या मागे निळ्या भोकात. घरात काहीही होऊ दे, फाइलमध्ये फक्त कॅसेट येणार. वायर मला मीरा रोडला नया नगरमध्ये मिळाली. रिक्षात मी ती पर्समधून काढून दोनदा बघितली. तिच्या जोरावर मी आता घरातला सगळ्यात मोठा खटला निकाली काढणार होते.

पुढच्या रविवारी मामा पुन्हा आला. मी वायर लावली आणि टेप सुरू केली. खोलीत एकदम शांत. पिन लावली की टेपरेकॉर्डरचा स्पीकर बंद होतो हे मलाही तेव्हाच कळलं. आवाज नाही, फक्त स्क्रीनवर हिरव्या रेघा उड्या मारतायत. बाबांना वाटलं बिघडलं. मी म्हटलं, सगळं आत जातंय. सवाल कुठे येतो ते मला मिनिटांवरून माहीत झालं होतं. मी आईला ऐकू जाईल असं म्हटलं, आता येतोय सवाल. लगेच मिक्सर सुरू झाला. बाबा उठायला लागले तर मी त्यांना हाताला धरून बसवलं. म्हटलं, चालू दे, पाहिजे तेवढा चालू दे. हिरव्या रेघा आपल्या मजेत नाचत होत्या. मिक्सर खूप वेळ चालला. मी आत डोकावले तर भांडं रिकामं होतं.

मग मी आईला हात धरून बाहेर आणलं, सोफ्यावर दोघांच्या मध्ये बसवलं आणि फाइल लावली.

बाबांचा सवाल आला. ढोलकी थांबली. मैदानातली कुजबुज, कोणाचं तरी पोर रडतंय. आणि मग अगदी कानाशी, मामाच्या आधी, बाईचा आवाज. दबका, पण सगळ्यात जवळचा.

"दादा. वाऱ्यानं धरला म्हण. वाऱ्यानं."

त्यानंतर मामाचा आवाज चढला, वाऱ्याने अंतरपाट धरल्याचं त्याने सुरेख गाऊन सांगितलं आणि शिट्ट्या सुरू झाल्या.

मी फाइल थांबवली. मामा म्हणाला, बघा भावोजी, दिलं की नाही उत्तर. बाबा त्याच्याकडे बघतही नव्हते. ते आईकडे बघत होते. मग ते म्हणाले की हे उत्तर जगात कोणालाही येणं शक्य नव्हतं, कारण ते कुठल्याच पोथीत नाही. तो सवाल आणि ते उत्तर त्यांनी लालबागच्या खोलीत, आई वाढत असताना, भात खाता खाता स्वतः रचलं होतं. मामा ताडकन उठला. रचलेला सवाल बारीत चालत नाही, म्हणजे भावोजी बाद. बाबा म्हणाले, आणि पढवलेलं उत्तर चालतं का, म्हणजे मेव्हणेही बाद. दोघं उभे राहून एकमेकांना बाद करत होते आणि मला गुदगुल्या केल्यासारखं होत होतं.

मामाच आधी शांत झाला. म्हणाला, जाऊ द्या भावोजी, भावाची अब्रू जाताना बहिणीला बघवलं नाही, एवढंच. त्याचे डोळे भरून आले होते.

"तसं काही नाही दादा," आई म्हणाली. मग बाबांकडे न बघता, पदर सारखा करत तिने सांगितलं, "तुला उत्तर आलं नसतं तर बारी तिथंच संपली असती. घरात हे कधी गायचे नाहीत. मला अजून ऐकायचं होतं."

मामा खाली बसला. बाबा तसेच उभे. माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

बाबांनी विचारलं, "मग ऐकलंस का पुढचं?"

"ऐकलं की," आई म्हणाली. "पहाटेपर्यंत ऐकलं. आवाज पार बसला होता तुमचा."