डोंगरावरचा गॅस
ओमानमधल्या जबल अख्दरच्या डोंगरावर नवऱ्याची बदली झाली, तेव्हा खाली किनाऱ्यावरच्या उबदार सीब शहरात राहणारी धाकटी नणंद म्हणाली, “वहिनी, हिवाळाभर आमच्याकडेच राहा. तिथं गोठून जाशील.”

मी ऐकलं नाही. पहिल्या कडाक्यात हीटरचा गॅस सिलिंडर पंधरा दिवसांत संपला. दुसरा आला तशी मी रोज सकाळी तो वजनकाट्यावर ठेवून आकडा कॅलेंडरवर लिहू लागले. हीटर फक्त संध्याकाळी सहा ते आठ. सिलिंडर महिनाभर पुरला.

जानेवारीत नणंद चार दिवस आली. ठरल्या वेळी मी हीटर बंद केला, तशी ती कळवळली, “वहिनी, मी पाहुणी आहे गं!”

“म्हणून दोन ब्लँकेटं देते,” मी म्हणाले. “गॅस मिळणार नाही.”