चाक तिचं, पत्रक माझं

दुसऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं काही जमलं, एवढ्यासाठी तुम्ही कधी त्याच्याविरुद्ध तत्त्वाची भाषा वापरली आहे का? लगेच नाही म्हणू नका. मीही बरीच वर्षं नाहीच म्हणत होतो.

आमच्या घरात खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील नाशिकजवळ सातपूरच्या एका कारखान्यात कामगार. सुट्टीच्या दिवशी युनियनची, वस्तीची, विहाराची पत्रकं तेच लिहीत. मी अक्षरं जुळवायला शिकलो ती त्या गठ्ठ्यांवर. ‘अ’ अन्यायाचा, ‘ह’ हक्काचा. वडिलांचा नियम ठरलेला होता. पत्रक प्रश्नाने सुरू करायचं आणि आवाहनाने संपवायचं. “वाचणाऱ्याला आधी टोचायचं, मग कामाला लावायचं,” ते म्हणत.

वस्तीचाही एक नियम होता. पत्रक कुणाचंही येवो, रविवारी विहारात वंदना झाली की ते मोठ्याने वाचून दाखवलं जायचं, कारण म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नसे. न वाचता पत्रक फेकणं आमच्याकडे वाईट समजत.

नववीत असल्यापासून मी वडिलांच्या पत्रकांचं शुद्धलेखन तपासू लागलो. वस्तीत हुशार मुलगा म्हणून माझी ओळख झाली. त्या जागी दुसरं कुणी येईल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

दोन गल्ल्या सोडून आत्या राहायची. तिची मुलगी माझ्याहून दीड वर्षाने मोठी, म्हणून ताई. दोन हजार सालानंतर, आम्ही दोघं कॉलेजात असताना, ताईच्या भावाला परगावी नोकरी लागली. त्याची काळी, पुढे वाकून बसायची स्पोर्ट मोटारसायकल घरीच राहिली. ताईने ती मागून घेतली. भाऊ फोनवर म्हणाला, “दिवाळीला मी येईपर्यंत एकही तक्रार आली नाही, तर गाडी तुझी.”

ताईला नुसती चालवायची नव्हती. तिला धावत्या गाडीचं पुढचं चाक उचलायचं होतं.

गंगापूर रोडच्या पुढे तेव्हा द्राक्षबागा तोडून प्लॉट पाडले होते. डांबरी रस्ते आधी झाले होते, घरं अजून यायची होती. हद्दीचे दगड, बाभळी, मधूनच एखादी शेळी. ताईला एकटीला जाऊ द्यायला आत्या तयार नव्हती, म्हणून सोबत मला पाठवलं.

“तू कशाला येतोस रे?” ताईने पहिल्या दिवशी विचारलं.

“लक्ष ठेवायला.”

“ठेव. पण तोंड बंद ठेव, पत्रक्या.”

पहिला आठवडा गाडी नुसतीच आचके देत होती. पहिला गिअर, थोडा वेग, दोन बोटांनी क्लच दाबायचा, रेस वाढवायची आणि क्लच झटकन सोडायचा. उजवा पाय मागच्या ब्रेकवर तयार ठेवायचा, कारण गाडी जास्त वर गेली तर तिला खाली आणणारा तोच. हे सगळं मला तोंडपाठ झालं होतं. मी काठावर बसून तिला समजावूनही सांगायचो. दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी पुढचं चाक वीतभर उचललं गेलं. चौथ्या आठवड्यात ताई एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत मागच्या चाकावर गेली. मग तीन प्लॉट. चाक हळूच खाली टेकवायची, मागे वळून बघायची आणि हसायची. हेल्मेटमधून मला फक्त डोळे दिसत. तेही मला सहन होत नसत.

एकदा मी म्हटलं, “दे इकडे.”

तिने लगेच दिली. त्याचाही मला राग आला. मी क्लच सोडला, गाडी पुढे उसळून बंद पडली. पुन्हा तेच. सहाव्यांदा चाक जमिनीवरून जरासं सुटलं असावं, असं मला वाटलं.

“सुटलं ना?”

“सुटलं नाही, शिंकलं,” ताई म्हणाली. मग जवळ येऊन माझ्या मनगटावर हात ठेवला. “तुझे हात बरोबर करतायत रे. तू आतून ब्रेक धरून बसलायस. घाबरतोस ते घाबर, पण चालव.”

ती मायेने बोलत होती. मला ते टोमण्यासारखं लागलं. त्यानंतर मी गाडी मागितली नाही.

ही गोष्ट वस्तीत पसरली. मुलं तिला थांबवून विचारू लागली, क्लच किती सोडायचा, मागच्या टायरात हवा किती ठेवायची. एका संध्याकाळी वडील चहा पिताना म्हणाले, “पोरगी धीट निघाली हं.” आयुष्यभर त्यांनी माझ्या स्वल्पविरामांचं कौतुक केलं होतं. धीट हा शब्द माझ्यासाठी कधीच निघाला नव्हता. तो चहा मी अर्धा टाकून उठलो.

आणि पत्रक लिहायला बसलो.

‘सार्वजनिक रस्ता ही कुणाची सर्कस आहे काय?’ अशी सुरुवात. मग लहान मुलांचा जीव, वृद्धांची भीती, गरिबांच्या वस्तीत श्रीमंती खेळांची नक्कल. त्या रस्त्यावर ना मूल होतं, ना वृद्ध. होत्या त्या शेळ्या. शेवटी आवाहन: ‘पालकांनो, वेळीच आवर घाला!’ खाली सही, ‘एक जागरूक नागरिक’. मुलगी हा शब्द मी कुठेही येऊ दिला नव्हता. समतेचं मला फार भान होतं. चाळीस झेरॉक्स काढल्या आणि भर दुपारी, माणसं कामावर असताना, दारांखालून सरकवल्या.

रविवारी विहारात ते वाचलं गेलं. वाचलं वडिलांनीच. माझी वाक्यं त्यांच्या आवाजात फार चांगली वाटत होती. वाचून झाल्यावर ते कौतुकाने म्हणाले, “कुणी लिहिलंय कोण जाणे, पण भाषा पक्की आहे.”

मागून एक आजी म्हणाली, “ते समदं खरं, पण पोरीच्या जातीला शोभतं का हे?”

दुसरी म्हणाली, “उद्या सोयरीक कोण करील?”

आत्याने मान खाली घातली. ताई माझ्याकडे बघत होती. या दोन वाक्यांना उत्तर देण्यासाठीच तर मला वाढवलं होतं. उत्तरं लहानपणापासून पाठ होती. मी सतरंजीचा एक धागा ओढत बसलो.

तक्रार आली होती. त्याच रात्री आत्याने मुलाला फोन केला. दिवाळीच्या आधीच त्याने गाडी विकली आणि सिन्नरचा एक माणूस येऊन ती घेऊन गेला. ताईने स्वतः पुसून दिली, आरसेसुद्धा. गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाल्यावर ती मला म्हणाली, “सुरुवातीचा प्रश्न अगदी तुमच्या घरचा होता. खाली नाव लिहायचं तेवढं राहिलं तुझं.”

त्यानंतर तिने मला पत्रक्या म्हटलं नाही. नावाने हाक मारते, नीट, जशी परक्याला मारतात.

वडिलांना मी हे सांगितलं ते अलीकडे.  ते म्हणाले, “मला सांगून काय होणार? जिथे ते पत्रक वाचलं, तिथे हे वाच.” मी गेल्या रविवारी विहारात गेलो आणि हे सगळं, खाली माझं नाव लिहून, वाचलं. ताई आली नव्हती. ती आता स्कूटरवर ऑफिसला जाते, दोन्ही चाकं जमिनीवर. परवा ती मला चौकात दिसली; सिग्नल हिरवा होताच ती सगळ्यांच्या पुढे सटकन निघून गेली. मला कसं वाटलं सांगू?  मी तिची माफी मागायला निघालो होतो आणि तिचा हेवा करत परत आलो.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. या आठवड्यात तुमच्या दाराखालून, वर्गात, ऑफिसात बिननावाचा कागद आला आणि त्यात कुणाला आवरायला सांगितलं असेल, तर तो कितीही चांगल्या भाषेत असो, मोठ्याने वाचू नका. आधी ज्याच्याबद्दल आहे त्याच्या दारात जा आणि त्याला विचारा: तुला असं काय येतं, जे या लिहिणाऱ्याला येत नाही?