समुद्राकडचा घोडा

आमच्या नागावात हिरामणकाकांना सगळे ‘रेसवाले’ म्हणतात आणि ते ऐकलं की काकांची मान ताठ होते. काका माझे चुलत सासरे. आमच्या आणि त्यांच्या वाडीमध्ये फक्त एक कुंपण, तेही अर्धं मोडलेलं. मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर त्यांनी उमेदीची वर्षं घालवली हे खरं, पण घोड्यांत नाही, गवतात. काका तिथे माळी होते. शर्यत सुटली की घोड्यांच्या टापांनी उखडलेली ढेकळं पायाने दाबायची, खळग्यांत माती भरायची, पाणी मारायचं. म्हणजे नामांकित घोडे काकांनी पुष्कळ पाहिले, पण बहुतेक मागून. ही शेवटची गोष्ट सोनाबाईकाकी, त्यांची बायको, आल्यागेल्याला न चुकता सांगतात.

नोकरीत असताना काका शर्यतीवर पैसे लावायचे. एका डर्बीला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या शर्यतीला, त्यांनी परतीच्या भाड्यासकट खिशातलं सगळं एका घोड्यावर लावलं. काकी म्हणतात, “तो घोडा अजून येतोय.” ओळखीच्या तांडेलाने लाँचमधून मांडव्यापर्यंत आणलं. तिथून नागावपर्यंत काका चालत आले, नवे बूट हातात धरून. दुसऱ्या दिवशी सकाळी काकींनी त्यांना आंघोळ करायला लावून गावदेवीपुढे उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली. काका म्हणाले, “आई, घोड्यावर पुन्हा पैसा लावणार न्हाय.” काकींनी मागून जोडलं, “नारळही न्हाय.” नवऱ्याला त्या चांगल्या ओळखून होत्या.

कारण आमच्याकडे पैज लागते ती नारळाची. दरवर्षी डर्बीच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी काकांच्या ओटीवर सभा भरते. काका खुर्चीत बसून एकेका घोड्याची कुंडली मांडतात. मग ज्याला जो घोडा आवडेल त्यावर तो आपल्या वाडीतले नारळ लावतो. नारळ घेणार आणि जिंकलेल्यांना देणार काकी. काकांच्या शपथेला धक्का नको म्हणून काका फक्त तोंड चालवतात, व्यवहार सगळा काकींचा. प्रत्येक नारळ त्या कानाशी धरून हलवतात. पाणी वाजलं नाही तर परत. “हा घरी चटणीला घाल, डर्बीला नको.”

सात-आठ वर्षांत काकांनी सांगितलेला एकही घोडा पहिला आला नाही, तरी सभेला गर्दी कमी झाली नाही. मीही जाते. संध्याकाळचा दिवा लावते, देवाला हात जोडते आणि मग जाते. आधी घोडे आणि मग देव असं बरं दिसत नाही.

आता आमच्या गावाची एक खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या किनाऱ्यावर घोडागाड्यांच्या शर्यती होतात. ओहोटीला पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते आणि वरची कोरडी वाळू भुसभुशीत. त्यामुळे समुद्राकडून पळणारी गाडी पुढे जाते. गाड्या उत्तरेकडे सुटतात, म्हणजे समुद्र डाव्या हाताला. हे लहानपणापासून डोळ्यांत इतकं बसलंय, की टीव्हीवर कुठलाही घोडा पळू दे, नागावकर डाव्या हाताचा बघतो. महालक्ष्मीला वाळू नाही, पाणी नाही, सगळं हिरवंगार गवत आहे, पण नारळ लागतात ते डावीकडच्या, म्हणजे तिथल्या उजव्या वळणाच्या शर्यतीत सगळ्यांत बाहेरच्या घोड्यावर. या पंथाचे महंत म्हणजे कोंडाजीभाऊ. किनाऱ्यावर पाहुण्यांना घोडागाडीत फिरवतात आणि शर्यतीत जिंकलेली दोन निशाणं त्यांच्या घरात टांगलेली आहेत.

यंदाच्या सभेत काका आले तेच इस्त्रीचा सदरा घालून. काकी अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या. त्या म्हणाल्या, “लग्नात पण एवढी इस्त्री नव्हती.”

काकांनी लक्ष दिलं नाही. “यंदा बारा घोडे. त्यातला रॉयल कमांड हा सगळ्यांचा लाडका. हंगामात हरलेला न्हाय. जॉकी चांगला, ट्रेनर चांगला, खानदान चांगलं.”

“आणि गेट?” कोंडाजीभाऊंनी विचारलं.

“बारा. सगळ्यांत बाहेर.”

“म्हणजे समुद्राकडे!” कोंडाजीभाऊंनी मांडीवर थाप मारली. “बास. मिटलं. काकी, माझे वीस लिवा.”

ओटीवर एकच गलका झाला. एरवी नारळ डावीकडच्या दोन-तीन घोड्यांत वाटले जातात. यंदा लाडकाही तोच आणि समुद्राकडचाही तोच. जो तो रॉयल कमांडवर तुटून पडला. काकींनी त्याला भाव दिला होता नारळाला एक नारळ, तरी कोणी मागे हटेना. ढीग उंबऱ्यापर्यंत आला.

“आता माझं ऐका,” काका म्हणाले. “गेट नंबर एक. पेपर लँटर्न. पोरगी हाय, म्हणून तिच्या पाठीवर दीड किलो वजन कमी. काकी भाव काय देते तिला?”

“नारळाला बारा,” काकी म्हणाल्या. “त्या कंदिलाला कोण विचारतंय?”

गावाने तेवढ्यात तिचं कंदील करून टाकलं होतं.

काका खुर्चीतून पुढे सरकले. “आतल्या कठड्यालगतचं गवत हंगामभर टापांनी झिजतं. म्हणून तो पट्टा राखायला त्याच्या बाहेरच्या अंगाला दुसरा कठडा उभा करतात आणि मोठ्या शर्यतीला तो काढतात. माझ्या हाताखालचा माणूस अजून तिथं हाय. काल फोन झाला. कठडा काढलाय. तो पट्टा नुसता मखमल हाय आणि गेट एकची पोरगी पहिली त्यावर पोचणार.”

“काका, ती जिंकणार का?” मी विचारलं.

“ते देवीला माहीत. मी काय म्हणतो, नूतन, तू बाजारात बांगडा घेतेस तेव्हा काय करतेस? एका कोळणीच्या टोपलीपुढे गर्दी, ती भाव सोडत न्हाय. चार पावलांवर दुसरी बसलीय, तिचा बांगडा तेवढाच ताजा, पण तिच्यापुढे माणूस न्हाय. तू कुठं जातेस?”

“दुसरीकडे.”

“आता कळलं? रॉयल चांगलाच हाय, पण गर्दीनं महाग झालाय. कंदील बारा वेळा धावली आणि दोनदा आली तरी आपला फायदा. घोडा बघायचा न्हाय, घोडा आणि भाव दोन्ही बघायचे.”

कोंडाजीभाऊ म्हणाले, “काका, तुमचा बांगडा आजवर एकदा पण शिजला न्हाय.”

सगळे खो खो हसले. काकाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले. तेवढ्यात काकींनी अडकित्ता खाली ठेवला.

“मी एक सांगू? दरवर्षी आठवडाभर घरात घोडे नाचतात. भाजीत मीठ हाय का न्हाय ते सुद्धा यांना कळत न्हाय. तुमी नारळ लावू शकत न्हाय ना? मग तोंड लावा. कंदील पहिली आली तर मरेपर्यंत सभा भरवा, मी चहा देईन. न्हाय आली तर या ओटीवर घोड्याचं नाव काढायचं न्हाय.”

काकांना दुसरं काही नाही हो. मुलगा पनवेलला, त्याला ट्रान्सपोर्टच्या धंद्यातून फुरसत नाही. वाडीला पाणी लावायचं आणि वर्षभर या एका शुक्रवारची वाट बघायची. काकांनी एकदा ढिगाकडे पाहिलं, एकदा काकींकडे.

“लावलं,” ते म्हणाले.

मला राहवलं नाही. मी घरी जाऊन पाच नारळ आणले आणि कंदिलावर ठेवले. “काकी, हे माझे नव्हेत. गावदेवीच्या नावाचे. जिंकले तर तिच्या भंडाऱ्याला.” देवीला असल्या भानगडीत ओढावं का, हा प्रश्न मनात आला होता. पण काकांच्या शपथेमुळे ती आधीच यात होती.

काकींनी पाचही नारळ कानाशी हलवले. देवीचे असले म्हणून काय झालं!

रविवारी दुपारी आमच्या होमस्टेच्या पडवीत मोठा टीव्ही लावला. कोंडाजीभाऊ डाव्या बाजूला बसले, का ते सांगायला नको. काका मागे खांबाला टेकून उभे. शर्यत सुटायच्या आधी घोडे गेटमध्ये शिरत होते तेव्हा कोंडाजीभाऊ सहज बोलून गेले, “काकी, रॉयल आला तर एवढ्या जणांना नारळ कुठून देशील गो?”

काकींचे ओठ हलताना मी पाहिले. मनातल्या मनात त्या आपल्या वाडीतले माड मोजत होत्या. रॉयल आला तर सगळ्या गावाला दुप्पट द्यायचं. कंदील आली तर फक्त देवीला द्यायचं. हे त्यांच्या लक्षात आत्ता आलं. पदराने त्यांनी कपाळ पुसलं.

गेट उघडले. कंदील सुटली ती थेट आत, कठड्याला चिकटून. काका म्हणाले होते तस्सं. वळणावर बाकीचे घोडे बाहेर फेकले गेले आणि ती त्या हिरव्या पट्ट्यावरून एकटी निघाली.

“चल गो बाय!” असा आवाज आला.

मी मागे वळून पाहिलं. काकी उभ्या राहिल्या होत्या.

“चल गो कंदील! बघू नको मागं! चल!” काकींनी पदर खोचला होता. “अवं, बघता काय, ओरडा की!” हे नवऱ्याला.

काका ओरडले नाहीत. ते टीव्हीकडे बघतच नव्हते. ते काकींकडे बघत होते, आणि असं हसत होते की जणू शर्यत तिकडे चालू आहे.

शेवटच्या टप्प्यात बाहेरून रॉयल कमांड आला. कोंडाजीभाऊ “समुद्र! समुद्र!” म्हणून नाचत होते. काकींनी माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळपर्यंत वळ राहिले. दोन्ही घोडे एकदम पोचले. फोटो बघून निकाल लागला. रॉयल कमांड, नाकाएवढ्या फरकाने.

पडवीत आरोळ्या उठल्या. काकी मटकन खाली बसल्या. “लबाड!” त्या म्हणाल्या. “त्याचं नाकच लांब हाय.”

काकींनी शब्द पाळला. नारळ उतरवणाऱ्याला बोलावून हिरव्या-पिकल्याचा विचार न करता माड रिकामे केले. कोंडाजीभाऊंनी आपले नारळ घोडागाडीतून नेले, मुद्दाम काकींच्या दारावरून. देवीचे पाच नारळ मात्र काकी स्वतः देवळात देऊन आल्या. “तिचे नारळ जिंकून मी ठेवू कुठं?” त्या मला म्हणाल्या.

काकांनीही शब्द पाळला. कोणी येऊन डर्बीचा विषय काढला तर ते सुपारीच्या भावाबद्दल बोलायचे. समोरून कोंडाजीभाऊंची गाडी गेली तर म्हणायचे, “चार पायांचं जनावर गेलं.” एकदा मी कुंपणाजवळ हळूच विचारलं, “काका, सगळे नारळ एकीकडे गेले की काकी कंदिलाच्या बाजूला येणार, हे तुम्हाला शुक्रवारीच कळलं होतं ना?” काकांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पाटाचं पाणी दुसऱ्या माडाला वळवलं.

शिमगा होऊन गेला. एका संध्याकाळी मी वाटी परत द्यायला गेले. काका ओटीवर खुर्चीत बसलेले, काकी उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, “ती कंदील आता परत कुठं धावणार?”

“सुपारीचा भाव उतरलाय,” काका म्हणाले.

“तुमाला विचारते.”

काकांनी ओटीच्या जमिनीकडे बोट दाखवलं आणि मान हलवली.

“एवढं शहाणपण मला नको!” काकी उठल्या, काकांच्या खालची खुर्ची जवळजवळ ओढूनच घेतली आणि अंगणात नेऊन सुपारीखाली ठेवली. “ही ओटी न्हाय. आता बसा आणि बोला. पुढच्या डर्बीला नारळ घ्यायचं काम कोंडाजीला सांगितलंय. त्याला लई हौस हाय. आणि नारळ मी लावणार.”

काका खुर्चीत बसले. सदरा सारखा केला, घसा खाकरला आणि नेहमीच्या सभेच्या आवाजात सुरू केलं, “तर गवताचं असं हाय...”

“हळू!” काकींनी रस्त्याकडे पाहिलं आणि तांदळाचं सूप घेऊन काकांच्या अगदी जवळ सरकल्या. “आपल्या टोपलीपुढं गर्दी करायची हाय का?”