सारवलेली माती

याच वर्षी निवृत्त झालो. वर्दी कपाटात गेली, पण त्या एका सकाळचं धुकं काही डोळ्यांतून जात नाही. ते सांगतोच.

बुटीबोरीच्या पुढे, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, शेतांपलीकडे, मोठमोठे दगड गोल मांडलेले आहेत. हजारो वर्षांपूर्वीची दफनं. त्या हिवाळ्यात तिथे संशोधकांचं खोदकाम चालू होतं आणि मी त्या भागाचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी घेऊन राहिलो होतो, तेवढ्यात फोन आला: माळ चोरीला गेली.

आदल्या संध्याकाळी एका बाईचा सांगाडा उघडा झाला होता. गळ्याजवळ अकीक दगडाचे लाल मणी. फोटो काढले, अंधार पडला, म्हणून मणी उचलायचं काम सकाळवर ठेवलं. सकाळी पाहतात तर गळ्यापासून छातीपर्यंत माती ओढलेली, मणी गायब.

मी पोचलो तेव्हा ते दगड धुक्यात असे दिसत होते, जशी म्हातारी माणसं शेकोटीभोवती बसली आहेत आणि शेकोटी कधीची विझली, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही.

खोदकामाच्या प्रमुख मॅडमनी एक बरं केलं होतं. आम्ही येईपर्यंत खड्ड्यात कोणाला उतरू दिलं नव्हतं. चौकीदारानं मला बाजूला घेतलं. "साहेब, काल सारे गेले, पण ती माती चाळणारी बाई मागं राहिली होती. मी पाहिलं."

बाई गावातलीच, पन्नाशीची. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं. तिथेच पळसाखाली, महिला शिपाई सोबत घेऊन विचारलं, "मावशी, काल मागं काहून थांबली होती?"

तिनं पदर ओढून तोंड फिरवलं.

"सांग ना वं मावशी," शिपाई म्हणाली. "साहेब काही खात नाहीत."

"मॅडमनं न विचारताच चोट्टी म्हटलं मले. साऱ्या बायांसमोर, माह्या सुनेसमोर. आता सांगून काय करू?"

घाबरलेले चोर मी पुष्कळ पाहिले. रुसलेला एकही नाही.

दोन पंच घेऊन पंचनाम्याला खड्ड्याशी गेलो. ऊन तिरपं आलं आणि मातीवर बोटांचे फराटे दिसले, अर्धगोल, एकाला एक लागून. आई अंगण सारवायची, तेव्हा अगदी असेच उठायचे. चोर माती उकरतो. सारवत बसत नाही.

"मॅडम, जरा इथं ब्रश फिरवा."

बोटभर मातीखालून एकेक लाल मणी वर आला, फोटोतल्याच जागी. बाई काठावर येऊन उभी राहिली.

"थंडी किती होती काल. बाईमाणूस ते, रातभर उघडं ठेवता? मी मूठ मूठ माती घातली न् घरी गेली. सकाळी सांगणारच होती."

मॅडमनी सगळ्या बायांसमोर, सुनेसमोर, हात जोडले. "चुकलं माझं, मावशी."

"माहं राहू द्या. तिले झाकत जा रात्री."

तक्रार मागे घेतली गेली. मी स्टेशन डायरीत लिहिलं: माळ जागेवरच मिळाली. पुढे कुठल्याही चोरीत मी आधी हे विचारायचो, की या माणसाला पहिल्यांदा चोर कोण म्हणालं आणि कोणासमोर. त्यानंतरचे जबाब निम्मे रागाचेच असतात.

परवा त्या बाजूला गेलो होतो. खोदकाम पुन्हा सुरू आहे, माणसं सगळी नवी. ऊन उतरलं होतं. एक पोरगी खड्ड्यातल्या हाडांवर जुनी चादर घालून राहिली होती.

"काहून झाकतेस, बेटा?"

"माहीत नाही, काका. इथली पद्धतच आहे."