सोळा तास

फायबरच्या टाक्या विकून मी वर आलो. पिरंगुटच्या माझ्या शेडात येऊन, माझ्या घासाघिशीपुढे स्वतःचा आकडा शेवटपर्यंत टिकवलेलं एकच माणूस मला आठवतं. त्या बाई एका प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या रसायनतज्ज्ञ, भुकूमला राहायच्या. विमानाच्या इंजिनाजवळचे भाग चिकटवायला, तापूनही मऊ पडणार नाही असं रेझिन त्यांनी माझ्याकडे चार वर्षं खपून तयार केलं.

एका कंपनीने नमुने मागितले. रेझिन पूर्ण पक्कं व्हावं म्हणून चिकटवलेल्या पट्ट्या ओव्हनमध्ये, शेवटच्या, सगळ्यांत चढ्या तापमानावर, सोळा तास ठेवायच्या होत्या.

"दहात भागवा, मॅडम."

"सोळा."

"बारा?"

"शेठ, तुम्ही यमाशीही घासाघीस कराल," असं म्हणून हसत त्या घरी गेल्या.

गुरुवारी आमच्याकडे लाईट जाते. त्या गुरुवारी दहा तास भरले आणि गेली. ओव्हनवरचा म्हातारा म्हणाला, "शेठ, कच्चं हाय ह्ये. बाईंना इचारा तरी."

"इचारून लाईट येणार हाय का?" मी खेकसलो. कंपनीची गाडी दारात उभी होती. पट्ट्या दिल्या आणि वहीत सोळा तास लिहिले.

चाचणीत सांधे सुटले. पुन्हा नमुने घ्या म्हणून मी कंपनीशी भांडलो. त्यांनी सरळ दुसरीकडचं रेझिन घेतलं. एका चुकीवर चार वर्षं मोडीत काढली, हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

बाईंना मी दहा तासांचं काही सांगितलं नाही. दुसरं गिऱ्हाईक शोधून आणलं, तर त्या अडून बसल्या. "आपल्याकडच्या पट्ट्या टिकतात, मग त्यांच्याकडच्या का सुटल्या? कारण कळल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही. वर माणसं बसलेली असतात."

दोन वर्षं त्या कारण शोधत राहिल्या. रसायनांची पिंपं बदलली, पट्ट्यांचं कापड बदललं, पावसाळी हवेचा संशय घेऊन शेडाला पडदे लावले. शेवटी एका दुपारी म्हणाल्या, "माझंच रसायन चुकलंय. सोडून देऊ."

माझं डोकं फिरलं. "काही चुकलेलं नाही तुमचं! लाईट गेली होती त्या दिवशी!"

"किती तास झाले होते?"

"दहा."

त्यांनी वहीतलं ते पान काढलं, माझं अक्षर पाहिलं. "मी पावसाला दोष देत होते," एवढंच म्हणाल्या, आणि डबा पिशवीत टाकून निघाल्या.

त्या ओरडल्या असत्या तर मीही ओरडलो असतो, आणि कुठेतरी मिटलं असतं. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही. फोन उचलतात, माझ्या साखरेची चौकशी करतात. "मॅडम, शेडात या," म्हटलं की "बघू" म्हणतात.