वाढत्या अंगाची काठी

वाशीम स्टेशनच्या फलाटावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या नव्या कोटाच्या बाह्या आत दुमडल्या. कोट वाशीमच्याच बाजारातला, माझ्या मापापेक्षा बराच मोठा. मी सव्वीस वर्षांचा होतो, आणखी उंच होण्याचा प्रश्नच नव्हता. तरी आबा म्हणाले, "राहू दे. तिकडं जाऊन अंग धरशीन."

गाडी हलली तेव्हा मला रडू यायला हवं होतं. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. मी शेतीला कच्चा, हे आमच्या रिठद गावात सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणी गव्हाला पाणी देताना फावडं माझ्या हातात गरकन फिरायचं, वाफा फुटायचा आणि बांधावरून आबांचा आवाज यायचा, "हात कच्चे हायेत तुये. पुस्तकच धर बापा तू!" मी पुस्तक धरलं आणि अमेरिकेत मेरीलँडला पोचलो. दोन वर्षांत परत येतो म्हणालो होतो. बावीस वर्षं झाली. रिठदकरांनो, तुम्ही गावात राहून शेत राखलंत आणि मी इथे घरापुढच्या हिरवळीवर गवत कापायचं मशीन फिरवतो, याची बोचणी कमी झालेली नाही. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांना वेगळं सांगायला नको.

माझी मुलगी जुई बारा वर्षांची आहे आणि लॅक्रॉस खेळते. लांब काठीच्या टोकाला जाळी असते, तिच्यात चेंडू झेलून धावायचं आणि जाळीतूनच तो गोलमध्ये फेकायचा. गेल्या वर्षी मी तिला काठी घेतली ती मोठ्यांची, पूर्ण लांबीची. दुकानदार म्हणाला, मागून कापून देतो. मी त्याला जवळजवळ रागावलोच. आपल्याकडे पोरांचं सगळं वाढत्या अंगाचं घेतात, चपलेपासून शाळेच्या गणवेशापर्यंत. चांगली नवी वस्तू कापायची?

वर्षभर त्या काठीचं मागचं टोक जुईच्या बरगडीत रुतत राहिलं. ती वळली की काठी कोपराबाहेर यायची, समोरची मुलगी त्या टोकावर टोला मारायची आणि चेंडू खाली. कोचने तिला बाकावर बसवलं. येत्या शनिवारच्या सामन्यानंतर पुढच्या हंगामाचा संघ निवडणार होते आणि त्या सामन्यात तिला शेवटची संधी होती. आता कबूल करतो. एकदा सरावावरून परतताना गाडीत मी तिला म्हणालो होतो, "तुझी मेहनतच कमी पडते." ती खिडकीबाहेर बघत राहिली. काठी लांब आहे, असं ती एकदाही म्हणाली नाही. बाबांनी हौसेने घेतली ना!

रविवारी सकाळी आबांचा व्हिडिओ कॉल आला. रिठदला तेव्हा संध्याकाळ. जुईने अंगणात काठी फिरवून दाखवली. आबा पडद्याला नाक लावून बघत होते.

"थांब माय, उभी राह्य. काठी जमिनीवर टेकव," ते म्हणाले. जाळी तिच्या कपाळाच्याही वर गेली. "काहून रे, तुले दिसून नाई राह्यलं का? डोक्याच्या वर काठी चालली पोरीच्या!"

"वाढत्या अंगाची घेतली, आबा. दोन वर्षांत मापाला येईल."

"खेळनं तिले आज हाये ना? बगलेपर्यंत ठेव अन् बाकीची काप."

मी म्हणालो, कापलेली परत जोडता येत नाही.  आबा हसून म्हणाले, "माही चूक तू कायले करतं? म्या बी तुले माह्या फावड्याचा दांडा देल्ला होता. तुये हात कच्चे नव्हते रे. दांडा लांब होता. कापाले जीव नाई झाला माह्या."

 जुई म्हणाली, "आबा, बाबांचा चेहरा बघा!"

दुपारी गराजमध्ये काठी फडक्यात गुंडाळून शेगड्यात, म्हणजे आवळून धरणाऱ्या व्हाइसमध्ये, धरली. आत पोकळ धातूची नळी, जास्त आवळली तर चेपणार. जाळीचा स्क्रू बसतो ते टोक सोडून मागच्या टोकाचं रबरी टोपण काढलं. जुईच्या बगलेपाशी चिकटपट्टी गुंडाळली, पट्टीच्या कडेने बारीक दातांची करवत सावकाश चालवली, कानशीने धार मोडली आणि टोपण परत बसवलं. जुईने काठी छातीसमोरून फिरवली. टोक कुठेही अडलं नाही.

मग आठवलं, नियमात काठीची कमीत कमी लांबी ठरलेली आहे. मी मोजलं होतं ते पोरीचं अंग, टेप लावलाच नव्हता! टेप लावला तर काठी नियमाच्या काठावर. कानशीने मी किती खाल्लं होतं, देव जाणे.

शनिवारी सकाळी पंच काठ्या मोजत आले. जुईची काठी त्यांनी दोनदा मोजली. मला मैदानाकडे बघवेना. काठी कमी भरली तर माझ्यामुळे तिची शेवटची संधीही जाणार होती. पंचांनी काठी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "चालेल. नखभर जास्तच आहे."

दुसऱ्या अर्ध्यात कोचने तिला उतरवलं. एक मुलगी अंगावर आली, टोला हवेतच गेला, कारण मारायला मागे टोकच उरलं नव्हतं. जुई वळली, तीन मुलींच्या मधून निघाली आणि तिने चेंडू गोलकीपरच्या पायाजवळून आत घातला. मी वऱ्हाडीत काय ओरडलो ते इथे लिहीत नाही. शेजारचे पालक दचकले आणि मग तेही ओरडायला लागले.

संघाच्या यादीत जुईचं नाव पाचवं होतं. गाडीत बसायच्या आधी मी तिची माफी मागितली. "मेहनत कमी नव्हती तुझी," म्हणालो. ती म्हणाली, "माहीत होतं मला." आणि माझ्याच फोनवरून आबांना लावला.

"आबा, गोल झाला!"

"कितीक?"

"एक."

"एकच? सामना जिंकला का नाई?"

"जिंकला! आणि मी संघात!"

पलीकडून आबांनी साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी हाळी दिली, "अवो, पोट्टी आली ना संघात!" कुणीतरी विचारलं, कशाच्या? "मले काय मालूम कशाच्या," आबा म्हणाले, "पण आली!"

बावीस वर्षं मी घर म्हणजे मागे टाकलेली जागा समजत होतो. आता वाटतं, सात समुद्रांपलीकडून, फोनच्या एवढ्याशा पडद्यावर आपल्या पोरीला काठी फिरवताना बघून ज्याला कळतं की चूक तिच्या हातांची नाही, तो माणूस जिथे बसलेला असतो, ते घर. आणि गाव सोडलं तरी ते घर माझं सुटलेलं नाही.