मागचे दोन स्पीकर

द्वारका ढोके वर्ध्याहून पुण्याला आली ती शहाण्णव साली, आयटीआयचा रेडिओ-टीव्हीचा कोर्स करून. भोसरीच्या एका कारखान्यात टीव्हीच्या लाइनवर तिने सात वर्षं सोल्डरिंग केलं. पुढे बाहेरून तयार टीव्ही येऊ लागले, लाइन बंद पडली आणि ती आमच्या सर्व्हिस सेंटरला आली. होम थिएटरचे रिसीव्हर, म्हणजे पुढच्या-मागच्या पाच स्पीकरांना आवाज वाटून देणारी पेटी, हा आमचा माल. तक्रारीचे फोन मी घ्यायचे आणि घरोघरी द्वारका जायची. बिबवेवाडीहून सकाळी निघायची, पाठीवर हत्यारांची सॅक, त्यातच डबा.

"हल्ली काही बिघडतच नाही गं नम्रता," ती मला म्हणायची. "सगळं चांगलं असतं, आणि चालत नसतं."

२०१४ च्या दिवाळीनंतर कोथरूडहून सुदर्शन आगाशे यांचा फोन आला. हे आयटीतले. त्यांनी नवा गेमिंग कन्सोल घेतला होता. गेममध्ये पाठीमागून कोणी चालत आलं तर आवाज मागच्या स्पीकरांतून यायला हवा, पण त्यांच्याकडे सगळं पुढच्या दोघांतूनच येत होतं.

द्वारका गेली. रिसीव्हरला थेट जोडलेल्या प्लेअरवर कंपनीची चाचणीची डीव्हीडी लावली, पाचही स्पीकर वाजले. नियमाप्रमाणे तिने लिहिलं, 'दोष नाही'. आठवड्याने पुन्हा फोन, पुन्हा तेच. मधल्या काळात टीव्ही कंपनीचा माणूस येऊन टीव्ही उत्तम असल्याचं सांगून गेला, आणि कन्सोलवाल्यांनी मेल पाठवली की कन्सोल उत्तम आहे.

तिसऱ्यांदा ती गेली तेव्हा शनिवार होता. दार आगाशेंनीच उघडलं.

"पुन्हा आपणच? कंपनीत दुसरं कोणी नाही, की दुसरं कोणी यायला तयार नाही?"

चार जिने चढून तिचे गुडघे बोलत होते. ती आत गेली आणि टीव्हीसमोर जमिनीवर बसली.

"तिन्ही कंपन्यांचं बरोबर आहे," आगाशे म्हणाले. "म्हणजे माझ्या कानात दोष आहे, असं लिहून देता का?"

"तुमचे कान ठीक आहेत," द्वारका म्हणाली. दमली की तिची गावाकडची भाषा वर यायची. "मले फक्त एकदा गेम लावून दाखवा."

या वेळी ती स्पीकरांकडे कान देऊन बसली नाही. ती रिसीव्हरच्या तोंडावरची बारीक अक्षरं बघत राहिली. डीव्हीडी लावली की तिथे 'डॉल्बी' उमटायचं, म्हणजे पाच वाटांचा आवाज येतोय. गेम लावला की नाही. म्हणजे पेटीपर्यंत पोचतानाच आवाज दोन स्पीकरांपुरता झालेला होता. तिने मागे हात घालून वायर चाचपली. कन्सोलचा आवाज आधी टीव्हीत जात होता आणि टीव्हीतून रिसीव्हरकडे. टीव्ही त्याच्याकडे येणारा पाच वाटांचा आवाज दोन वाटांचा करून पुढे ढकलत होता. टीव्हीच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नव्हती.

तिने रिसीव्हरकडे आवाज नेणारी ऑप्टिकल वायर टीव्हीतून काढून थेट कन्सोलला जोडली आणि कन्सोलच्या मेनूत जाऊन आवाज डॉल्बीवर केला. सोफ्यामागे कोणाचीतरी पावलं वाजली. आगाशेंनी मान वळवून पाहिलं आणि मग ते खेळायलाच लागले. ती सॅक भरून उठली तेव्हा पाणी आणून दिलं त्यांच्या आईने, श्यामलाबाईंनी.

पंधरा दिवसांनी कन्सोलचं अपडेट आलं आणि त्याची सेटिंगं मूळपदावर गेली. मागचे स्पीकर पुन्हा मुके. पुन्हा फोन आला. आमचे मॅनेजर रंगराव म्हणाले, "त्या बाईंना नीट जमत नाहीसं दिसतंय."

मी हे द्वारकाला सांगितलं नाही, पण तिला कळलं असावं. ती गेली तेव्हा घरात श्यामलाबाई एकट्याच होत्या. द्वारकाने दोन मिनिटांत सेटिंग बदललं आणि तशीच खाली बसून राहिली.

"बरं नाही का?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"बरं आहे. पुढच्या अपडेटला पुन्हा यावं लागेल, एवढंच."

श्यामलाबाई आत जाऊन वही घेऊन आल्या. "मला दाखवा. हळूहळू सांगा, इंग्रजी वाचता येतं मला."

द्वारकाने त्यांच्या हातात रिमोट दिला आणि त्यांच्याकडून तीनदा करून घेतलं. त्यांनी वहीत प्रत्येक पायरी लिहून घेतली. मग दोघींनी चहा घेतला. त्या दिवशीची पुढची दोन घरं द्वारकाला उशिरा झाली.

जानेवारीत श्यामलाबाईंचा मला फोन आला. "कोणाला पाठवू नका. अपडेट आलं होतं, मी करून टाकलं. सुदर्शनला माहीत नाही, त्याला वाटतंय आपोआप झालं. त्या ढोकेबाईंना तेवढा निरोप द्या."

निरोप ऐकून द्वारका हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असेल. रंगरावांना मी तेही सांगितलं. ते म्हणाले, "व्हिजिट झाली नाही ना? मग ते काम धरता येत नाही."

त्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी तिला जिने चढणं बंद करायला सांगितलं. फोनवर बसण्यासाठी तिने अर्ज केला, तो मंजूर व्हायला पाच महिने लागले. आता ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते. लोक ओरडत असतात आणि ती शांतपणे विचारते, "पेटीवर कोणती अक्षरं दिसतायत, तेवढं वाचून दाखवता का?" बहुतेक जण म्हणतात, वाचायला वेळ नाही, माणूस पाठवा. ती पत्ता लिहून घेते, घरोघरी जाणाऱ्या नव्या माणसासाठी खाली एक ओळ लिहिते, 'टीव्हीची वायर आधी बघणे', आणि पुढचा फोन उचलते.